रिव्हर्स टाकला की डिझेल वाढतं? जुन्या ट्रकच्या गेजचं आणि मागच्या लाईटचं वायरिंग

आमच्या मामांच्या टाटा ४०७ ला एक खोड होती. गाडी उभी, किल्ली ऑन, डिझेलचा काटा पाव टाकीवर. रिव्हर्स गिअर टाकला की काटा हळूच वर सरकायचा आणि अर्ध्याच्या पुढे जाऊन थांबायचा. गिअर काढला की परत पावावर. मामा म्हणायचे, "मागं मागं नेली तर लासलगावपर्यंत डिझेल पुरंल." मागचे पांढरे दिवे लागत होते, पण समईच्या वातीएवढे. रात्री मार्केटमध्ये कांद्याची गाडी मागे लावायची म्हटली की क्लीनरनं उतरून मोबाईलची बॅटरी दाखवायची, अशी पद्धतच पडली होती.

या दोन तक्रारी दोन वेगळ्या वायरमनांना दाखवून झाल्या. एकानं गेज बदलायला सांगितलं, दुसऱ्यानं मागचे होल्डर बदलून दिले. खोड तशीच. शेवटी मीच एका रविवारी गाडीखाली शिरलो, तेव्हा चासीवरचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरचा, एक बोल्ट सापडला. टाकीची अर्थ (वीज चासीतून बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी) आणि मागच्या दिव्यांची अर्थ, दोन्ही त्याच बोल्टाखाली. वर चिखलाचा पापुद्रा, खाली गंज. बोल्ट काढून जागा घासली, नवीन लग (वायरीच्या टोकाला दाबायची धातूची कडी) लावला आणि दोन्ही तक्रारी एका दमात मिटल्या. खर्च एका वडापावाच्या आसपास.

असं दर वेळी होत नाही. पण जुन्या गाडीच्या वायरिंगमध्ये हात घालायचा असेल तर आधी अर्थ तपासा आणि सुट्या भागांचं दुकान सगळ्यात शेवटी गाठा. यापूर्वी कधी टेस्ट लॅम्पही हातात धरला नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणाला टाटा ४०७ घेतली आहे. १९८६ मध्ये आलेली ही गाडी अजूनही बाजार समित्यांच्या आवारात रांगेनं उभी दिसते. तिचं वायरिंग १२ व्होल्टचं. मोठ्या ट्रकांना १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तपासायची पद्धत तीच, फक्त बल्ब आणि गेज २४ व्होल्टचे लागतात.

वीज कुठून कुठे जाते

कागदावर दोन रेघा काढा. खरंच काढा, कारण गाडीखाली उताणं पडल्यावर डोक्यातली आकृती पुसली जाते.

पहिली रेघ गेजची. बॅटरीच्या प्लसपासून किल्ली, किल्लीपासून फ्युज, फ्युजपासून डॅशबोर्डवरचं गेज, गेजपासून एकच वायर थेट टाकीच्या डोक्यावरच्या सेंडरला, म्हणजे डिझेलची पातळी मोजणाऱ्या भागाला. सेंडरमध्ये डिझेलवर तरंगणारा फ्लोट वरखाली होतो तसा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. तिथून वीज सेंडरच्या चकतीतून अर्थला जाते आणि चासीतून बॅटरीच्या मायनसला परत येते.

दुसरी रेघ रिव्हर्स लाईटची. बॅटरी, किल्ली, फ्युज, मग गिअरबॉक्सवर बसवलेला दोन टोकांचा स्विच. रिव्हर्स पडला की आतला दांडा त्या स्विचचं बटण दाबतो, वीज पुढे जाते आणि चासीच्या कडेनं मागे जाऊन बल्बमध्ये पोचते. बल्बमधून होल्डर, होल्डरमधून अर्थ, पुन्हा चासी.

आता दोन्ही रेघा शेजारी ठेवून बघा. सुरुवातीला किल्ली समाईक, फ्युज कधी कधी समाईक. मध्ये केबिनच्या मागून चासीच्या कडेनं जाणारा वायरिंगचा जुडगा समाईक, आणि शेवटी अर्थ समाईक. म्हणून दोन्ही गोष्टी एकदम बिघडल्या असतील तर बिघाड या समाईक जागांमध्ये शोधायचा. एकच बिघडली असेल तर तिच्या एकटीच्या वाटेवर.

सामान

एक साधा डिजिटल मीटर. एक टेस्ट लॅम्प. तो घरीच करा. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डर, दीड-दोन मीटरच्या दोन वायरी आणि टोकांना मगरी क्लिप. निऑनचा घरगुती टेस्टर इथे कामाचा नाही, त्याला १२ व्होल्ट कळतच नाहीत. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, गंज सोडवणारा स्प्रे, लग दाबायची पक्कड, तांब्याचे लग, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी), स्टार वॉशर, व्हॅसलीनची डबी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर आणा. पाचदहा रुपयांची वस्तू आहे, पण पुढे तिच्यावाचून अडेल.

टेस्ट लॅम्प २१ वॅटचाच का? समजा दहा तारांची वायर कुजून एकच तार शिल्लक राहिली आहे. मीटर लावला तर तो १२ व्होल्ट दाखवेल, कारण मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. तिथेच २१ वॅटचा बल्ब लावा. त्याला पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून नीट येत नाहीत आणि बल्ब मिणमिणतो. मीटरला १२ दिसले म्हणून वायर चांगली असं समजून लोक दिवसच्या दिवस घालवतात. मीही घालवला आहे.

मात्र हा मोठा टेस्ट लॅम्प गेजच्या वायरवर किंवा सेंडरवर लावायचा नाही. तो फक्त लाईटच्या वाटेवर. सेंडरला बॅटरीचा प्लस थेट कधीच द्यायचा नाही. आतली रेझिस्टन्सची तार केसासारखी बारीक असते, ती क्षणात जळते.

पहिली पायरी: बॅटरी आणि अर्थ

गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. बॅटरीवर मीटर धरा. बंद गाडीला १२.४ च्या वर हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. बॅटरीच मेलेली असेल तर पुढचं सगळं मोजमाप फसवं येईल.

मग बॅटरीच्या मायनसपासून चासीकडे आणि चासीपासून इंजिनकडे जाणाऱ्या जाड पट्ट्या बघा. या पट्ट्या वरून शाबूत दिसतात आणि लगाच्या तोंडाशी हिरव्या होऊन कुजलेल्या असतात. हातानं हलवा. हलली तर बोल्ट काढून दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासा. रंगावर लग बसवू नका. रंगातून वीज जात नाही. बॅटरी सोडवताना आधी मायनस काढायचा, जोडताना मायनस शेवटी. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी किती मोठी उडते ते एकदा पाहिलेला माणूस हा क्रम विसरत नाही.

अर्थ मोजायची खरी पद्धत अशी. ज्या दिव्याची शंका आहे तो चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर लावून एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर आणि दुसरं त्या दिव्याच्या होल्डरच्या पत्र्यावर धरा. मीटरवर ०.२-०.३ व्होल्टपर्यंत आलं तर अर्थ ठीक. एक व्होल्ट, दोन व्होल्ट दिसले तर तेवढा दाब वाटेतल्या गंजात खर्च होतो आहे. मग होल्डरवरचं टोक एकेक जोड बॅटरीकडे सरकवत न्या. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम पडेल, तोच चोर.

मामांच्या गाडीला रिव्हर्समध्ये इथे पावणेतीन व्होल्ट आले होते. हिशेब सोपा आहे. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढू पाहतात. गंजलेल्या बोल्टाचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास असला तरी अडीच-तीन व्होल्ट तिथेच अडकतात. दिवे मंद होतात. आणि सेंडरची अर्थ त्याच बोल्टावर असल्यामुळे तीही तेवढीच वर उचलली जाते. गेजमधून जाणारी वीज कमी होते, गेजला वाटतं रेझिस्टन्स वाढला. आमच्या गाडीत रेझिस्टन्स वाढला म्हणजे टाकी भरली. झालं, रिव्हर्समध्ये डिझेल वाढलं.

रिव्हर्स लाईट

दोन्हीतलं हे सोपं काम, म्हणून आधी हे. शिवाय पासिंगला हाच दिवा बघतात. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दर वर्षी करावं लागतं आणि रिव्हर्सचा दिवा पांढराच हवा. काच फुटली म्हणून कोणी लाल काच बसवून दिली असेल तर ती आधी काढा.

इंजिन बंद, किल्ली ऑन, रिव्हर्स गिअर टाकून ठेवा. बल्ब काढून फिलामेंट बघा. काच काळी पडली असेल तर बदला. होल्डरच्या तळाशी पितळी टोक असतं, त्याखालची स्प्रिंग गंजून दबलेली असली तर बल्ब चांगला असूनही लागत नाही. पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून आत फिरवा.

तरी दिवा नाही. टेस्ट लॅम्पची एक क्लिप होल्डरच्या मधल्या टोकाला, दुसरी चासीच्या घासलेल्या जागी. टेस्ट लॅम्प चांगला पेटला तर सप्लाय येतो आहे, होल्डरची अर्थ गेलेली आहे. नाही पेटला तर सप्लायच नाही. मग थेट गिअरबॉक्सवर जा.

गिअरबॉक्सवरच्या स्विचला दोन वायरी असतात. दोन्ही काढा आणि एकमेकींना टेकवा. मागचा दिवा लागला तर पुढून-मागून वायरिंग ठीक आहे, बिघाड स्विचमध्ये. नाही लागला तर टेस्ट लॅम्पची एक क्लिप चासीला लावून दुसरी एकेका वायरीला लावा. एकीवर पेटला पाहिजे. कुठेच पेटत नसेल तर बिघाड पुढे, म्हणजे फ्युज किंवा किल्लीकडे. एकीवर पेटतो आणि तरी मागे काही येत नाही, तर गिअरबॉक्सपासून मागपर्यंतच्या वायरीत तुटका भाग आहे.

फ्युज डोळ्यांनी पाहून पास करू नका. जुन्या चिनीमातीच्या फ्युजची पट्टी अखंड असते, पण टोकं काळी पडून पकडत नाहीत. बोटानं जागच्या जागी फिरवा, दिवा लागला तर क्लिपा घासा. फ्युजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगरेटच्या पाकिटातली चांदी सापडली तर आधीच्या माणसाला मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हणा आणि १० अँपिअरचा फ्युज लावा. तो उडाला तर मोठा लावायचा नाही, कुठे शॉर्ट आहे ते शोधायचं.

स्विच बदलताना एक बारीक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. स्विचच्या खाली तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर असतं. ते नुसतं तेल अडवायला नसतं, स्विच किती आत बसायचा हेही तेच ठरवतं. दुकानदारानं जाड वॉशर दिलं तर बटण पुरतं दाबलं जात नाही आणि दिवा कधी लागतो, कधी नाही. वॉशरच लावलं नाही तर बटण कायम दाबलेलं राहतं आणि गाडी पुढे जाताना मागे पांढरा दिवा. जुनं वॉशर फेकण्याआधी नव्याशी जाडी ताडून बघा. नवा स्विच बसवण्याआधी मीटर बीपवर (दोन टोकांमधून वीज जात असेल तर आवाज करतो त्या खुणेवर) लावून बटण दाबा. दाबल्यावर बीप आणि सोडल्यावर शांत, असं दहा वेळा करा. स्विच काढल्यावर भोकातून गिअर ऑईल येऊ शकतं, खाली ट्रे ठेवा. जितकं सांडलं तितकं परत भरायला विसरू नका.

रिव्हर्स बजर असेल तर तो दिव्याच्याच वायरीवर जोडलेला असतो. बजरला प्लस-मायनस उलटं चालत नाही. दिवा लागतो आणि बजर गप्प, तर आधी वायरी अदलाबदल झाल्यात का बघा.

डिझेलचं गेज

गेज बंद असलं तरी गाडी चालते म्हणून लोक वर्षानुवर्षं दुर्लक्ष करतात. मामांनी सीटमागे बांबूची एक काठी ठेवली होती, टाकीत बुडवून बघायला. पण एकदा अंदाज चुकून टाकी कोरडी झाली की डिझेल गाडी एअर घेते, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरते. मग नुसतं पाच लिटर डिझेल आणून ओतल्यानं भागत नाही. फिल्टरचा बोल्ट सैल करून हातपंप मारत बसायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. घाटात, पावसात हे केलं की गेज दुरुस्त करायची बुद्धी होते.

आधी काटा कसा हलतो ते बघा. किल्ली फिरवल्यावर काटा आळस दिल्यासारखा हळूहळू चढत असेल तर आत तापणारी दुहेरी धातूची पट्टी आहे. टणकन जागेवर जात असेल तर गेज चुंबकाचं. तापणाऱ्या गेजच्या मागे बहुधा एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो आणि पाण्याच्या तापमानाचा काटाही त्याच्यावरच चालतो. दोन्ही काटे एकदम खोटं बोलत असतील तर टाकीकडे जाऊच नका. बिघाड स्टॅबिलायझरमध्ये, त्याच्या अर्थमध्ये किंवा फ्युजमध्ये आहे.

फक्त डिझेलचा काटा चुकतो आहे, तर टाकीवर जा. सेंडरची वायर काढा, टोक कशाला टेकू देऊ नका, किल्ली ऑन करा. काटा एका टोकाला जाईल. आता त्या वायरीला १० ओहमचा रेझिस्टर लावून त्याचं दुसरं टोक चासीला टेकवा, टाकीच्या तोंडापासून हातभर लांब. काटा दुसऱ्या टोकाकडे गेला पाहिजे. बरेच जण वायर थेट चासीला टेकवतात. चुंबकाच्या गेजला ते चालून जातं, पण तापणारं गेज जास्त वेळ तसं धरलं तर जळतं. रेझिस्टर मध्ये असला की ती भीती कमी.

काटा दोन्ही टोकांना नीट गेला तर गेज ठीक, वायर ठीक. दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. काटा हललाच नाही तर हीच चाचणी डॅशबोर्डमागे, गेजच्या टोकावर करा. तिथे हलला तर मधली वायर गेली आहे. तिथेही हलला नाही तर गेजला सप्लाय येतो का ते मीटरनं बघा. सप्लाय आहे, गेजची अर्थ आहे आणि तरी काटा मेलेला, तर आणि तेव्हाच गेज बदला.

इथे दोन जातींचा घोळ समजून घ्यावा लागतो. युरोपी धाटणीच्या सेंडरमध्ये रिकाम्या टाकीला १० ओहमच्या आसपास आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम येतात. अमेरिकी धाटणीचा एक प्रकार बरोबर उलटा: रिकामी २४०, भरलेली ३३. जुन्या गाडीत कोणी काय बसवून ठेवलं आहे त्याचा भरवसा नाही, म्हणून मोजायचंच. मामांच्या गाडीत पूर्वीच्या मालकानं बाजारातला सेंडर घातला होता. तो रिकामा ९ आणि भरलेला १७८ दाखवत होता, म्हणजे पहिल्या जातीचा. गेज आणि सेंडर एकाच जातीचे हवेत. जात जुळली नाही तर टाकी भरली की काटा खाली येतो, नाहीतर अर्ध्यावरच अडकतो.

जात माहीत असण्याचा आणखी एक उपयोग आहे. पहिल्या जातीत वायर तुटली तर काटा भरलेल्या टोकाला जाऊन बसतो. म्हणजे टाकी कोरडी आणि डॅशबोर्डवर दिवाळी. सगळ्यात फसवा बिघाड हाच. लांबच्या खेपेवर काटा शंभर किलोमीटर तसूभर हलला नाही तर आनंद मानू नका, थांबून झाकण उघडा.

टाकीवरचा सेंडर काढताना

सेंडर काढण्याआधी त्याची अर्थ बघा. टाकी पट्ट्यांनी आवळलेली असते आणि पट्ट्यांखाली रबर असतं. रबरामुळे टाकीचा पत्रा चासीला नीट टेकत नाही, म्हणून सेंडरच्या चकतीपासून चासीपर्यंत वेगळी अर्थ वायर लागते. जुन्या गाडीत ती तुटलेली किंवा टाकी उतरवताना काढून परत न लावलेली सापडते. एक वायर घ्या, एक टोक चकतीच्या स्क्रूला, दुसरं चासीच्या घासलेल्या जागी. काटा जागेवर आला तर टाकी उघडायची गरजच नाही.

उघडायचीच वेळ आली तर बॅटरीचा मायनस काढून ठेवा. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात फ्लॅश पॉइंटची, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते त्या तापमानाची, किमान मर्यादा ३५ अंश आहे. उन्हात तापलेल्या टाकीचा विचार करा. विडी-सिगरेट लांब, काम सकाळच्या गारव्यात. टाकी अर्ध्याच्या खाली असू द्या. चकतीभोवतीची माती आधी ब्रशनं आणि हवेनं साफ करा, नाहीतर सगळी आत पडेल आणि पुढचा महिनाभर फिल्टर बदलत बसाल. चकती आणि टाकीवर एकच आडवी रेघ मार्करनं ओढा. अनेक सेंडरांच्या पाच स्क्रूंची भोकं समान अंतरावर नसतात, तो एकाच प्रकारे बसतो; रेघ असली की चाचपडत बसावं लागत नाही. काढताना सरळ ओढू नका, फ्लोटची दांडी वाकते. तिरका करून, फिरवत, आधी चकती आणि मग दांडी.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत डिझेल खळखळलं तर त्याला भोक आहे, तो बुडतो आणि गेज कायम रिकामं दाखवतं. नवा फ्लोट घाला, चिकटवाचिकटवी टिकत नाही. फ्लोट चांगला असेल तर मीटर ओहमवर लावून एक टोक सेंडरच्या खुंटीला, दुसरं चकतीला, आणि दांडी अगदी हळू खालून वर न्या. आकडा सलग वाढत किंवा सलग कमी होत गेला पाहिजे. मध्येच मीटर "अनंत" दाखवून परत आला तर तिथे तार झिजली आहे. बहुतेक वेळा ही जागा पाव ते अर्ध्या टाकीच्या मधली निघते, कारण गाडी सगळ्यात जास्त वेळ तिथेच असते. मळ असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ कापडानं पुसा. पॉलिश पेपर इथे अजिबात नाही.

परत बसवताना गॅस्केट नवीन, कॉर्कचं किंवा डिझेल सोसणाऱ्या रबराचं. साधं सिलिकॉन फासू नका. ते डिझेलमध्ये फुगतं आणि त्याचे तुकडे टाकीत पडतात. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा.

नवीन वायर ओढायची तर

जुडग्यात तीनपेक्षा जास्त जोड सापडले तर मी ठिगळं लावत नाही, नवीन वायर ओढतो. गाडीचीच मऊ, अनेक तारांची वायर घ्या. घरातल्या फिटिंगची जाड एकतारी वायर हादऱ्यानं तुटते. रिव्हर्स लाईटला १.५ चौरस मिलिमीटर, सेंडरला ०.७५ पुरते. ०.५ ची वायर रिव्हर्सला घातली तर सहा मीटरमध्ये पाऊण व्होल्ट वाटेतच जातो, १.५ मध्ये पाव व्होल्ट.

रंगांवर विसंबू नका. या वयाच्या गाडीत केबिनमधून हिरवी निघालेली वायर टाकीपाशी पिवळी होऊन बाहेर येते. दोन्ही टोकांना मीटरचा बीप लावूनच ओळख पटवा आणि टोकाला कागदी चिकटपट्टीवर नाव लिहा.

पीळ मारून टेप गुंडाळणं ही आपली राष्ट्रीय सवय. एप्रिल-मेमध्ये टेपचा गोंद वितळतो, जूनमध्ये त्यातून पाणी शिरतं आणि दिवाळीपर्यंत तांबं हिरवं होतं. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह आधी वायरीत ओवा, मग जोड दाबा, मग स्लीव्ह तापवा. स्लीव्ह ओवायची राहून गेली आणि जोड झाल्यावर आठवली, असं तुमचं पहिल्या दिवशी दोनदा होईल. सगळ्यांचंच होतं. वायर नुसती डागली (सोल्डर केली) तर डागाच्या कडेला ती कडक होते आणि हादऱ्यानं तिथेच मोडते, म्हणून डाग दिला तरी जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून टाका.

नवीन वायर खाचांच्या प्लास्टिक नळीत घाला आणि चासीच्या आतल्या कडेनं वीतभर अंतरावर टाय मारत न्या. सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टपासून लांब. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. गिअरबॉक्सपाशी थोडा ढील ठेवा, इंजिन रबरावर हलतं आणि ताणलेली वायर लगातून निसटते.

अर्थचे लग लावताना टाकीची आणि दिव्यांची अर्थ वेगवेगळ्या बोल्टांवर घ्या. जागा घासा, लग, स्टार वॉशर, बोल्ट, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. व्हॅसलीन आधी आणि बोल्ट नंतर नाही.

काट्याची भाषा

सगळं जोडून झालं की किल्ली ऑन करून एकानं काट्याकडे बघायचं आणि दुसऱ्यानं जुडगा केबिनपासून मागपर्यंत हातानं हलवत जायचं. काटा थरथरला किंवा दिवा लुकलुकला तर तिथे अजून काहीतरी सैल आहे. मग रिव्हर्स टाका, हेडलाईट लावा, ब्रेक दाबा. काटा जागचा हलता कामा नये.

शेवटचं काम पंपावर. टाकी जवळजवळ रिकामी झाली की पाच-पाच लिटर भरायचं आणि दर वेळी काटा कुठे आला ते लिहायचं. पंपवाला वैतागतो, म्हणून दुपारी गर्दी नसताना जा. टाकीचा आकार खालून-वरून सारखा नसतो आणि फ्लोटची दांडी गोलाईत फिरते, त्यामुळे अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी असं निघत नाही. आम्ही मामांच्या काठीवरही त्याच वेळी खुणा करून घेतल्या. त्यांच्या गाडीत काटा 'ई' ला टेकला तरी सात लिटर शिल्लक असतं, आणि पाव काट्यापासून 'ई' पर्यंत तो बाकीच्यापेक्षा भराभर उतरतो. हे दोन आकडे, फ्युजचे नंबर आणि वायरींची नावं एका कागदावर लिहून कप्प्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहेत.